फळीवरचा शिक्का

आमच्या आंतरराष्ट्रीय व्यवसाय पदवी अभ्यासक्रमाचा वार्षिक मेळावा जवळ आला की फोन सुरू होतात, "ताई, यंदा मनोगताला कोण?" प्रमुख पाहुणे कोण, हे मला कुणी विचारत नाही. याचा मला फार अभिमान आहे. मी पहिल्या बॅचची विद्यार्थिनी आणि गेली 14 वर्षं माजी विद्यार्थी मंडळाची चिटणीस. त्यामुळे या मेळाव्याबद्दल तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही.

स्वागत, प्रास्ताविक, अहवालवाचन, गुणवंतांचं कौतुक हे सगळं दरवर्षी होतं आणि नीट होतं. मेळाव्यात जीव येतो तो मात्र मनोगतांनी. आमच्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं चार-चार जणांच्या गटानं परिसरातल्या एकेका छोट्या उद्योजकाशी जोडून देतात. सहा महिने मुलं तिथे जातात. मालाचा एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, शोधणं, परदेशी ग्राहकासाठी दरपत्रक, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेची कागदपत्रं, सगळं त्या उद्योजकाच्या शेजारी बसून करायचं. मग मेळाव्यात तो उद्योजक बोलतो. यातले बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच माइकसमोर उभे असतात. पहिली दोन वाक्यं घशात अडकतात, तिसऱ्या वाक्याला ते आपल्या कामावर येतात, आणि तिथून सभागृह त्यांचं होतं. इतकी वर्षं ऐकतेय, तरी त्या तिसऱ्या वाक्याला माझे डोळे भरून येतातच.

कापडी पिशव्या शिवणाऱ्या मावशींचं मनोगत मला जवळजवळ पाठ आहे. त्यांच्या गटातली मुलं दोन आठवडे एका कोडवर भांडत होती. मालाच्या वर्गीकरणाची ही पद्धत जगभर 1988 पासून चालू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखेच, म्हणून तिथे चूक परवडत नाही. खरेदीची पिशवी 4202 मध्ये जाते, माल भरून पाठवायची पोती-पिशवी 6305 मध्ये. मावशी माइकवर म्हणाल्या, "या पोरांनी मला विचारलं, मावशी, तुमची पिशवी लोक रोज हातात घेऊन फिरतात, का माल काढून घेतला की तिचं काम संपतं? 20 वर्षं शिवतेय मी. माझी पिशवी पुढे काय करते, हे मला कुणी विचारलंच नव्हतं." सभागृहात कुणी हललं नाही. मी पहिल्या रांगेत बसून नुसती रडत होते.

त्याच मावशींचा पहिला मोठा व्यवहार सीआयएफ अटीवर ठरला. भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरायचा, पण माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. हे त्यांना पटवायला मुलांना किती दिवस लागले! "मी भाडं भरतेय तर वाटेत भिजलं तर माझंच नुकसान ना?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. शेवटी एका मुलीनं फळ्यावर बंदर, जहाज आणि समुद्र काढला आणि जहाजाच्या डेकवर खडूनं एक ठळक रेघ मारली. मावशींनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथपर्यंत माझं."

तो व्यवहार सरळ पार पडला नाही. बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे एलसीवर, पैसे यायचे होते. ठरलेले कागद बरोबर असले की पैसे देऊ, अशी ती बँकेची हमी. एलसीत बँक माल पाहत नाही, कागद पाहते, आणि कागद हातात पडल्यावर जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवसांत निर्णय देते. विमा सीआयएफ किमतीच्या किमान 110 टक्के रकमेचा लागतो. आमच्या एका मुलानं बरोबर 100 टक्क्यांचा अर्ज भरला होता. दर शनिवारी येऊन मुलांचे कागद तपासणारे आमचे निवृत्त बँक अधिकारी नेमके त्या आठवड्यात आजारी होते. कागदपत्रांत त्रुटी निघाली. ग्राहकानं ती चालवून घेतली, पैसे आले, पण बरेच उशिरा. तोपर्यंत मावशींनी शिलाईच्या बायकांचे पैसे कसे दिले असतील, हे आठवलं की मला आजही अवघडल्यासारखं होतं. तो मुलगा तर महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हता.

पुढच्या मेळाव्याला मावशी आल्या. आम्हाला वाटलं नव्हतं. मनोगताच्या यादीत त्यांचं नाव नसताना त्या उठल्या आणि त्या मुलाला हाक मारून स्टेजवर बोलावलं. म्हणाल्या, "याच्यामुळे मी आता विम्याचा कागद स्वतः वाचते." एवढंच. आणि खाली येऊन बसल्या. तो मुलगा आज एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचा विभाग सांभाळतो आणि एकही मेळावा चुकवत नाही.

दुसरं मनोगत सुतार काकांचं. ते लाकडी खोकी आणि पॅलेट करतात. यंत्राचे भाग बनवणाऱ्या एका उद्योजकाची खोकी परदेशी बंदरावर अडली, कारण लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का नव्हता. त्याच्या गटातली एक मुलगी थेट काकांकडे गेली. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं टिकलं पाहिजे आणि शिक्का मान्यताप्राप्त ठिकाणीच मारला गेला पाहिजे, हे तिनं काकांना सांगितलं. हा नियम 2002 मध्ये ठरला, तो का, हेही तिनं सांगितलं. लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा पॅकिंगच्या लाकडातून अमेरिकेत पोचला आणि 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या झाडांत सापडला. तिथली मॅपलची झाडं तोडावी लागली.

काका मेळाव्याला येताना वर्तमानपत्रात गुंडाळून एक फळी घेऊन आले. वीतभर लांबीची, रंधा मारलेली. तिच्यावर काळा डाग दिलेला शिक्का. चौकटीत गव्हाची ओंबी, देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि एचटी, म्हणजे उष्णता-प्रक्रियेची खूण. "लाकडात किडा असतो हे मला वडिलांनी शिकवलं," ते म्हणाले, "पण इथला किडा तिथलं जंगल खातो, हे या पोरीनं शिकवलं." मग त्यांनी ती फळी पहिल्या रांगेत दिली आणि ती हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेली. माझ्या हातात आली तेव्हा तिला भाजल्याचा वास येत होता. आता ती विभागाच्या खोलीत खिडकीत ठेवलेली असते.

2021 चा मेळावा पडद्यावरच झाला. 23 मार्चला सुएझ कालव्यात एक अवाढव्य जहाज आडवं झालं आणि 29 तारखेपर्यंत वाट बंद होती. आमच्या एका उद्योजकाचा माल मागच्या रांगेत अडकलेला. आपापल्या घरांतून आम्ही सगळे एकच नकाशा बघत होतो.

एक सल आहे, ती लिहितेच. मोठ्या कंपन्यांत गेलेले आपले कितीतरी जण मेळाव्याला येत नाहीत. एकदा तर सत्काराचे फोटो झाल्यावर मागच्या तीन रांगा उठून गेल्या, आणि अर्धा दिवस काम बंद ठेवून आलेले चार उद्योजक रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलले. मला ते अजून विसरता आलेलं नाही. बाकी काही चुकलं तरी चालेल, पण मनोगत संपेपर्यंत बसा.

आता आभार. नावं घेतली की एखादं सुटतं आणि मग वर्षभर मन खातं, म्हणून कामांवरून सांगते. शनिवारचे बँक अधिकारी. एचएसचं जाडजूड पुस्तक दर आवृत्तीला न चुकता मागवणाऱ्या ग्रंथपाल बाई. मुलांना बंदरावर नेऊन कंटेनर आतून दाखवणारे कस्टम एजंट. परदेशी ग्राहकांची पत्रं वाचून देणाऱ्या भाषा विभागातल्या दोघी. बाहेरदेशच्या विद्यार्थ्यांना आपल्या घरात सत्रभर ठेवून घेणारी सहा कुटुंबं. रात्री बारापर्यंत प्रिंटर चालू ठेवणारा संगणक कक्षातला दादा. स्मरणिका तपासणारे मराठीचे सर. माइकची उंची प्रत्येक वक्त्यागणिक बदलणारा, आणि मावशींसाठी तो अगदी खाली आणून धरणारा ध्वनिव्यवस्थेतला मुलगा. खुर्च्या मांडणारी दुसऱ्या वर्षाची सगळी मुलं, सगळी.

आणि सभागृहाचे पहारेकरी मामा. वेळ संपली की दिवे घालवायचे, असा त्यांना आदेश असतो. पण कुणी बोलत असलं की ते किल्ल्यांचा जुडगा आवाज होऊ नये म्हणून मुठीत घट्ट धरून दाराशी उभे राहतात. गेल्या वर्षी त्यांचा उल्लेख माझ्याकडून राहिला होता.