फुकट? मंग करते कोन?

धानोरा तालुक्यातलं गाव, सामूहिक वनहक्काच्या दाव्याची संयुक्त पडताळणी. ग्रामसभा मोहाखाली बसलेली, आणि पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून एका पोराने लॅपटॉपवर दुपट्टा धरलेला.

गावकऱ्यांनी शीव पायी फिरून मोबाइलवर बिंदू घेतले होते. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रोग्राममध्ये ते टोपोशीटवर, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशावर टाकले, तर नाल्याच्या काठाने जाणारी हद्द नाला ओलांडून शेजारच्या वनकक्षात शिरलेली. वनपाल साहेब लगेच म्हणाले, "बघा, अतिक्रमण." या खात्याला नकाशात दुसरं काही दिसतच नाही.

ती शीट एका कार्यालयातून तयार आलेली होती. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर बेतलेल्या, जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस 84 या नव्या गणितावर. तिथल्या कुणीतरी सरळ 84 चं लेबल चिकटवलेलं. गडचिरोलीकडे एवढ्यानेच जागा दीडशे-दोनशे मीटर सरकते. मी लेबल बदलून कल्याणपूर 1975, म्हणजे त्या जुन्या गणिताचं केलं. रूपांतराच्या सूत्रांची यादी उघडली, प्रत्येकापुढे अचूकता मीटरमध्ये. त्यातलं सर्वांत नेमकं घेतलं. हद्द नाल्याच्या काठावर येऊन बसली. साहेब चहाकडे वळले.

एका काकांनी विचारलं, "हे केवढ्याले पडते?"

"फुकट आहे काका."

"फुकट? मंग करते कोन?"

सांगितलं. क्यूजीआयएसमधला हे रूपांतर करणारा भाग म्हणजे प्रोज नावाची लायब्ररी, इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड. 2018 मध्ये ती वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली, त्या पैशावर मोजक्या लोकांनी तिची डागडुजी केली, 2019 मध्ये प्रोज 6 आलं. अचूकतेची ही यादी त्यानंतरची.

काका म्हणाले, "जंगलाची राखन आमीबी पाळीनंच करतो. पाळी चुकवली त दंड. तुमच्या संस्थेनं किती देल्ले?"

काहीच नाही. दर प्रस्तावात मी अशा वर्गणीची ओळ घालतो आणि देणगीदार ती खोडतात: फुकट वस्तूला पैसे कशाला? फ्लेक्स बॅनरची ओळ मात्र कधी खोडली जात नाही. ऑफिसात मी 2024 चं एक्सझेड प्रकरणही सांगितलं. बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर असलेली ती फाइली आकसवणारी लायब्ररी एक थकलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्याने दोन-अडीच वर्षांत त्याचा विश्वास कमावला आणि तिच्यात चोरदार (बॅकडोअर) बसवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे एका इंजिनिअरला खटकलं म्हणून सापडलं.

हिशेबनीसाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, क्यूजीआयएसची संस्था स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली. धर्मादाय पैसा देशाबाहेर खर्चला तर त्यावर आयकराची सूट जाते. ते खरंच आहे. मी म्हटलं, मग इथल्याच एखाद्या प्रोग्रामरला बिलावर काम देऊ. आमच्या जुन्या शीटांत सापडणाऱ्या चुका तो दुरुस्त करील आणि मूळ प्रकल्पाला पाठवील.

तो म्हणाला, तीन कोटेशन आणा.