पेनड्राइव्ह घेऊन या, बाकी आमच्याकडं सोडा

‘पेनड्राइव्ह घेऊन या, बाकी आमच्याकडं सोडा,’ असं मंगल कार्यालयातला स्क्रीनवाला म्हणाला की लगेच सोडू नका. खरं तर एवढंच सांगायला हे लिहायला बसलोय. बाकीचं आठवेल तसं सांगतो.

आईला ८१ वं लागलं म्हणून सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. (हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने होतात. गुरुजींनी हिशेब न मांडताच सोयीचा रविवार दिला, ते जाऊ दे.) बहिणीनं जेवणाचं घेतलं, भावानं पूजेचं, आणि ‘तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस’ म्हणून फोटोंचा स्लाइडशो माझ्या गळ्यात पडला. फोटो गोळा केले, स्कॅन केले, शॉटकट नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीनं लावले, खाली आईच्या आवडीची गाणी घातली. या सगळ्यात मजा आली, त्यामुळं त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. १८ मिनिटांचा व्हिडिओ झाला. पुतण्याचा लॅपटॉप दांडगा, त्यानं शेवटी तो ४के मध्ये काढून दिला. फाइल भरली पावणेसात जीबी. घरच्या टीव्हीवर लावली तर रंकाळ्यावरच्या १९६५ सालच्या फोटोत आईच्या साडीच्या काठावरची नक्षी दिसत होती. फोटोच्या कातरलेल्या पांढऱ्या कडासुद्धा.

आता कार्यालय. स्टेजमागं १२ बाय ८ फुटांची एलईडी भिंत. बुकिंगच्या वेळीच मॅनेजरना विचारलं, व्हिडिओ आधी एकदा लावून बघता येईल का? ते म्हणाले, स्क्रीन आमचा नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, तिथं आमचा पोरगा असतोय, त्याला भेटा. पोरगा फोनवर कायम दुसऱ्याच कार्यक्रमात. ‘साहेब, आत्ता रिसेप्शनला हाय, मागनं फोन करतो.’ मागनं कधी फोन आला नाही. मी पुन्हा केला की तेच. शेवटी ठेकेदारानंच निकाल दिला, ‘कार्यक्रमादिवशी सकाळी सातला या, लावून बघू की. आमच्याकडं सगळं चालतंय ओ.’

म्हणजे दारात पाहुणे, आत होम, आणि मी स्टेजमागं वायरी धरून उभा. हे मला मान्य नव्हतं. आमच्याकडं एकदा बारशात असंच झालं होतं. अर्धा तास निळा पडदा आणि त्यावर कंपनीचं नाव. सगळे ते बघत गुलाबजाम खात होते.

म्हणून एका संध्याकाळी ऑफिसातून थेट तिथंच जाऊन बसलो. कुणाचा तरी साखरपुडा नुकताच उरकला होता. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते, मागच्या पडवीत बायका दुसऱ्या दिवशीचा लसूण सोलत बसल्या होत्या. पोरगा आला तो वडापाव खात. स्टेजमागच्या टेबलावर धुळीनं माखलेलं एक छोटं काळं खोकं होतं, तेच त्याचं प्लेअर. त्यात माझा पेनड्राइव्ह घातला. पडद्यावर काही नाही. काढला, फुंकर मारली, परत घातला. तरी नाही. ‘मेलाय ओ पेनड्राइव्ह तुमचा.’

पेनड्राइव्ह ठणठणीत होता. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दुकानातून बहुतेक वेळा एक्सफॅट पद्धतीनं (म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या नव्या पद्धतीनं) फॉरमॅट होऊन येतो, आणि असली जुनी खोकी फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचतात. मी म्हटलं, तुझा दे. त्यानं खिशातून किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला १६ जीबीचा काढून दिला, तो फॅट३२ होता. लॅपटॉपवरून फाइल टाकायला गेलो तर विंडोज म्हणालं, फाइल फार मोठी आहे. पोरगा खांद्यावरून बघतच होता. ‘सोळा जीबी मोकळा हाय की! फायलीतच गडबड हाय तुमच्या.’

जागेचा प्रश्नच नव्हता. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळं एक फाइल ४ जीबीच्या पुढं जातच नाही. पेनड्राइव्ह केवढाही रिकामा असू दे. मी हे त्याला समजावलं, तो ‘हां, हां’ म्हणत उरलेला वडापाव संपवत होता. तोवर मॅनेजर दिवे घालवायला आले आणि त्या दिवसाचं तिथंच थांबलं.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला तेव्हा आणखी चिडचिड झाली. आमचा स्क्रीन ‘पी थ्री’ आहे, असं तो पोरगा मोठ्या तोऱ्यात सांगत होता. पी थ्री म्हणजे दोन दिव्यांमध्ये ३ मिलिमीटर अंतर. १२ फूट म्हणजे जवळजवळ ३६५० मिलिमीटर, म्हणजे त्या अख्ख्या भिंतीवर आडवे ठिपके बाराशेच्या आसपास. ४के व्हिडिओत ते ३८४० असतात. म्हणजे पावणेसात जीबीची फाइल घेऊन मी ज्या पडद्यापुढं ताटकळत बसलो होतो, त्या पडद्याला साध्या फुल एचडीतलंसुद्धा सगळं दाखवता येत नव्हतं! बुकिंग करताना मॅनेजरनी हा आकडा सांगितला असता तर? पण त्यांना पार्किंगमध्ये किती गाड्या बसतात ते पाठ, स्क्रीनचं काही नाही.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, फुल एचडीला काढा, आणि एच.२६५ ठेवा, साइज एकदम कमी येते.’ (एच.२६५ म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत.) तसं काढलं. ३२ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणला. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याहून मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत फॅट३२ हा पर्याय सहसा दिसत नाही. तो फॅट३२ करून पुन्हा कार्यालयात. पुन्हा ‘मागनं येतो’. पुन्हा प्लॅस्टिकची खुर्ची, या वेळी एका रिटायरमेंटच्या कार्यक्रमातली भाषणं ऐकत. पोरगा आला, पेनड्राइव्ह लागला, फाइलचं नाव दिसलं, बटण दाबलं. पडदा काळा. खाली सेकंद मात्र पळतायत.

‘बघा, म्हटलं नव्हतं? फाइल खराब हाय.’

त्या क्षणी मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. पण लॅपटॉप उघडून तीच फाइल त्याला चालवून दाखवली. तो म्हणाला, ‘एमपीफोर हाय नव्हं? मग चालायला पायजे.’ इथंच सगळ्यांचं अडतं. एमपी४ हा नुसता स्टीलचा डबा आहे, आत पोहे आहेत की साबुदाणा ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही. झाकण काढायचं म्हणजे फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडायची, वरच्या टूल्समध्ये जाऊन कोडेकची माहिती बघायची. माझ्या फाइलमध्ये एचईव्हीसी लिहिलेलं होतं, म्हणजेच एच.२६५. हे मानक २०१३ चं. त्याआधीचं एच.२६४ हे २००३ चं, आणि ते आज जवळपास सगळ्या टीव्ही, मोबाइल, खोक्यांना चालतं. फाइल लहान होते म्हणून एच.२६५ चांगलं, पण ते उलगडणारी चिप समोर हवी ना!

रात्री व्हिडिओ एच.२६४ मध्ये परत काढायला लॅपटॉप लावून झोपलो. ज्यांना नुसतं उत्तर हवंय त्यांच्यासाठी: एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज एएसी, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ८ एमबीपीएस. १८ मिनिटांना १.१ जीबीच्या आसपास फाइल येते. ४ जीबीच्या खूप आत.

ही फाइल कार्यालयात लागली. पहिला फोटो भिंतभर उमटला तेव्हा मी पोराच्या पाठीवर थापच मारली. पण बघतो तर मामा, जे जेमतेम साडेपाच फूट, ते पडद्यावर साडेसहा फुटी उभे, आणि फेट्याचा तुरा त्याहून वर. व्हिडिओ १६:९ चा, भिंत ३:२ ची, आणि मशीन तो ओढून बसवत होतं. ‘असंच येतंय सगळ्यांचं,’ पोरगा म्हणाला. इतक्या लग्नांत इतके नवरदेव उगीच उंच झाले आणि कुणी बोललं नाही? मी त्याला मशीनच्या सेटिंगमध्ये शोधायला लावलं. चौथ्या-पाचव्या पानावर मूळ प्रमाण राखायचा पर्याय निघाला. वर-खाली साडेसात-साडेसात इंचांच्या काळ्या पट्ट्या आल्या आणि मामा परत मामा झाले.

आणि आवाज? आवाज नाहीच. ‘आवाज आमच्याकडं नसतोय, तो साउंडवाल्याकडं.’ साउंडवाला वेगळ्याच ठेकेदाराचा. खोक्याच्या मागनं मिक्सरपर्यंत वायर कोण टाकणार यावर दोघांचं आधीपासून वाजलेलं असावं, कारण दोघंही एकमेकांचं नाव घेत नव्हते, ‘तो’ म्हणत होते. मी राजारामपुरीतून लांब ऑडिओ केबल विकत आणली, एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना. ती स्वतः टेपनं जमिनीला चिकटवली. दोघांनीही हरकत घेतली नाही.

तुम्ही म्हणाल, लॅपटॉपच का जोडला नाही? तेही विचारलं. त्याचे पैसे वेगळे, आणि एचडीएमआय वायर स्टेजच्या कडेपर्यंतच पोचत होती. तरी लॅपटॉप चार्ज करून, झोपी जाण्याचं सेटिंग बंद करून, वॉट्सॲप बंद करून जवळ ठेवला होता. गरज पडली नाही. कार्यक्रमात व्हिडिओ पहिल्या झटक्यात लागला. मावशी शेवटपर्यंत बसून होत्या, जेवायलाही उठल्या नाहीत. कार्यालयवाले घड्याळ दाखवत होते, मी तिकडं बघितलंच नाही.

आता सुटलेल्या गोष्टी. सगळे फोटो आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये घ्या आणि मगच काम सुरू करा. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फोटो नसतात, ते कुठं ठेवलेत तो पत्ता असतो. नुसती प्रोजेक्ट फाइल पुतण्याला पाठवली की त्याच्याकडं सगळ्या जागा रिकाम्या. अख्खं फोल्डर द्या. स्टुडिओवाल्यांनी वर्षानुवर्षं प्रोशो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या स्लाइडशोंचंही असंच, आणि ते बनवणारी कंपनी २०२० च्या जानेवारीत बंदच झाली. त्यामुळं कुणाकडं जुना प्रोजेक्ट पडून असेल तर त्यातनं व्हिडिओ आत्ताच काढून ठेवा.

फोटोंना नावं १, २, ३ अशी देऊ नका, ००१, ००२ अशी द्या. नाहीतर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० घेतात आणि आईचं लग्न आधी, शाळा नंतर. आयफोनवाल्या भाच्यांना सांगा, फोटो जेपीजीमध्ये पाठवा, आयफोनचे एचईआयसी प्रकारातले फोटो जुन्या विंडोजवर उघडत नाहीत. वॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. मराठी मथळे मी पॉवरपॉइंटमध्ये युनिकोडात टाइप करून पीएनजी चित्र म्हणून आणले. अक्षरं जशी दिसली तशीच राहतात, वेलांट्या इकडंतिकडं पळत नाहीत.

शाहूपुरीतल्या मामांचा अल्बम २०१९ च्या पुरात भिजून फोटो एकमेकांना चिकटले होते. तसे असतील तर कोरडे ओढून सोडवू नका. काचेला चिकटलेला फोटो काचेवरूनच, तिरप्या उजेडात, चकाकी टाळून मोबाइलनं घ्यावा. एकमेकांना चिकटलेले आम्ही स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवले, बरेचसे वाचले. मामींच्या हळदीचा एक कायमचा गेला.

मग वाटणं. वॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून हे जात नाही, गेलं तरी चेहरे पिठूळ होतात. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, पण आमच्या ग्रुपवर निम्म्यांचे मोबाइल आधीच भरलेले. गूगल ड्राइव्हवर टाकलं तर लिंक असणाऱ्या कुणालाही बघता येईल हे सेटिंग आठवणीनं करा, नाहीतर प्रत्येक नातेवाइकाची परवानगीची विनंती तुमच्या मेलवर येऊन पडते आणि वर फोनही येतो. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून टाकलं की लिंक असणाऱ्यांनाच दिसतं. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ असेल तर खातं आधी फोन नंबरनं पडताळून घ्यावं लागतं. माझा १८ चा, त्यामुळं तेही केलं. सिनेमाची गाणी असल्यामुळं हक्काच्या दाव्याची सूचना आली. व्हिडिओ इथं दिसत होता, पण असे दावे काही वेळा काही देशांत व्हिडिओ बंद करतात, म्हणून परदेशातल्या भाचीला ड्राइव्हचीच लिंक दिली.

गडहिंग्लजच्या आत्यांना मात्र लिंक-बिंक नको. ‘सीडी करून दे रे, आमचं मशीन चांगलं हाय.’ डीव्हीडीवर नुसती एमपी४ फाइल टाकून जुन्या मशीनवर चालत नाही, ती डीव्हीडीच्या पद्धतीनं बनवावी लागते, आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. डीव्हीडीस्टाइलर हे फुकटचं सॉफ्टवेअर ते करतं. डीव्हीडी रायटर एका सहकाऱ्याकडून मागून आणला आणि डीव्हीडी एसटीत बसणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर धाडली. लागली. आत्यांचा फोन आला, चित्र छान आहे, पण अख्ख्या व्हिडिओत माझे दोनच फोटो कसे काय?