साथ नसलेल्या वर्षांतली लस

2007 सालच्या सुरुवातीला इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेकडे पाठवणे थांबवले. तेव्हाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांचे म्हणणे सरळ होते: आमच्या रुग्णांच्या शरीरातून मिळालेल्या विषाणूवरून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस तयार करणार, आणि साथ आली की ती विकत घेण्याची ऐपत नसलेले आम्हीच रांगेत शेवटी उभे राहणार. या निर्णयावर अनेक शास्त्रज्ञांनी टीका केली, कारण नमुने येणे थांबले तर विषाणूत होणारे बदल कोणालाच वेळेवर कळणार नव्हते. ती भीती खरी होती; पण सुपारींची तक्रारही तितकीच खरी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. 1952 पासून चालत आलेल्या जागतिक फ्लू देखरेखीच्या जाळ्यात देशांनी नमुने द्यायचे हे गृहीत धरलेले होते, बदल्यात त्यांना काय मिळणार हे मात्र कुठे बांधून दिलेले नव्हते.

ते बांधून द्यायला चार वर्षे लागली. मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, महासाथीच्या फ्लूसाठी एक चौकट मंजूर केली. या जाळ्यातले विषाणू वापरणाऱ्या लस उत्पादकांनी संघटनेशी करार करून महासाथीच्या काळात आपल्या उत्पादनाचा काही वाटा राखून ठेवायचा, आणि उद्योगाने मिळून दरवर्षी 2 कोटी 80 लाख डॉलर तयारीसाठी द्यायचे, असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. मे 2025 मध्ये स्वीकारलेल्या महासाथ करारातही नमुने आणि लाभ यांच्या वाटणीचा तपशील वेगळ्या परिशिष्टासाठी मागे ठेवावा लागला.

या वाटाघाटी चालू असतानाच 2009 ची स्वाइन फ्लूची महासाथ आली. 11 जून रोजी ती अधिकृतपणे जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा व चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. श्रीमंत देशांनी लसीचे करार आधीच करून ठेवले होते. दान म्हणून आरोग्य संघटनेमार्फत 77 देशांना सुमारे 7 कोटी 80 लाख मात्रा मिळाल्या खऱ्या, परंतु त्यांचे वाटप सुरू व्हायला 2010 साल उजाडले. दान करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र ज्याच्या हातात कारखाना आहे त्याची गरज भागल्यावरच दान निघते, हे त्या वर्षी जगाने पाहिले.

म्हणूनच आरोग्य संघटनेची 2006 ते 2016 ही दहा वर्षांची फ्लू लस कृती योजना मला फार मोलाची वाटते. विकसनशील देशांतल्या उत्पादकांना पैसा आणि तंत्रज्ञान देऊन फ्लूची लस तिथेच तयार व्हावी, असा तिचा आग्रह होता. इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, ब्राझील, मेक्सिको यांच्याबरोबर आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटलाही हे साहाय्य मिळाले. फ्लूची बहुतेक लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यात वाढते. दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्याला बारीक छिद्र पाडून त्यात विषाणू सोडतात आणि दोन-तीन दिवसांनी आतला द्रव काढून घेतात. इंजेक्शनच्या लसीत साधारण एका अंड्यामागे एक मात्रा, असा ढोबळ हिशेब धरला जातो. म्हणजे कोट्यवधी मात्रांसाठी कोट्यवधी अंडी हवीत, आणि त्यासाठी कोंबड्यांचे कळप कित्येक महिने आधी पाळायला हवेत. नाकात फवारण्याच्या जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूच्या लसीत तेवढ्याच अंड्यांतून कित्येक पट मात्रा निघतात. सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेकडे असा विषाणू अनेक दशकांपासून होता. त्याचा परवाना आरोग्य संघटनेने घेतला आणि तो पुढे पुण्याला व थायलंडला दिला. जुलै 2010 मध्ये स्वाइन फ्लूवरची पुण्याची ‘नेसोवॅक’ बाजारात आली: प्रत्येक नाकपुडीत पाव मिलिलिटर फवारा, सुई नाही. ही गती लसनिर्मितीच्या मानाने विलक्षण होती. तरीही 10 ऑगस्ट 2010 रोजी महासाथ संपल्याची घोषणा झाली, आणि तहान लागल्यावर विहीर खणली तर पाणी केव्हा लागते, याचा हिशेब सगळ्यांसमोर आला.

या लसीच्या पुढच्या हंगामी, म्हणजे दरवर्षीच्या फ्लूसाठीच्या, रूपाच्या चाचण्या लहान मुलांवर झाल्या. बांगलादेशात तिने सुमारे 57 टक्के संरक्षण दिले, सेनेगलमध्ये मात्र काहीच नाही. दोन्ही निष्कर्ष 2016 मध्ये जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. मला त्या संशोधकांबद्दल आदर वाटतो.

कारखाना उभा राहिला तरी तो चालू ठेवायला दरवर्षीचे गिऱ्हाईक लागते, आणि खरी अडचण इथे आहे. कृती योजनेच्या काळात जगाची हंगामी लसीची उत्पादनक्षमता वर्षाला सुमारे 50 कोटी मात्रांवरून जवळपास 150 कोटींवर गेली. वाटप मात्र जवळजवळ सगळे अमेरिका खंड, युरोप आणि पश्चिम प्रशांत विभागात होते. आफ्रिका, आग्नेय आशिया आणि पूर्व भूमध्य या तीन विभागांच्या वाट्याला मिळून पाच टक्क्यांच्या आसपासच मात्रा येतात. मागणी नसलेला कारखाना बंद पडतो आणि महासाथीच्या दिवशी तो उघडता येत नाही. हे ओळखून काही तज्ज्ञांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. लाओसमध्ये 2012 साली दानाच्या लसीवर गरोदर स्त्रिया, वृद्ध, जुने आजार असलेले रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांचे लसीकरण सुरू झाले, आणि या अनुभवातून पुढे इतर देशांनाही मदत करणारी एक भागीदारी उभी राहिली. सुरुवातीला लस फुकट, पण हळूहळू खर्च त्या देशाने उचलायचा, ही तिची अट मला योग्य वाटते.

गरोदर स्त्रियांचे नाव या याद्यांत पहिले का, याचे उत्तर बांगलादेशातल्या एका अभ्यासात आहे. 2004-05 मध्ये 340 गरोदर स्त्रियांवर न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जिवाणूविरुद्धच्या, लसीची चाचणी चालू होती आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला फ्लूची लस दिली होती. के. झमान, मार्क स्टाइनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या तुलनेच्या गटातल्या बाळांची माहिती तपासली, तेव्हा न्यूमोकोकल लस घेतलेल्या मातांच्या बाळांपेक्षा त्यांच्यात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी आढळला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून या आकड्याचे महत्त्व मोठे आहे. 2012 मध्ये आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने गरोदर स्त्रियांना सर्वोच्च प्राधान्य दिले.

महाराष्ट्र शासन 2015 पासून गरोदर माता आणि इतर जोखमीच्या गटांना ही लस मोफत देते. वहिनीबरोबर महापालिकेच्या दवाखान्यात बसले असताना शेजारची एक बाई माता-बाल संरक्षण कार्ड पुढे करून विचारत होती, “सिस्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय माझं, मग हे कशाचं?” सिस्टरांनी शीतपेटीवरचा हात न काढता सांगितले, “हे तुला आहेच, पण बाळाला जास्त आहे. सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला देता येत नाही, तोवर तुझंच पुरतं.” बाईने बाही वर केली.

ही लस तिला पावसाळ्यापूर्वी मिळाली, याला मी फार महत्त्व देते. लसीत कोणते विषाणू असावेत हे आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी ठरवते. नकाशावर आपण उत्तरेत आहोत, पण आपल्याकडे फ्लू जुलै ते सप्टेंबरमध्ये डोके वर काढतो. फेब्रुवारीत ठरलेली लस तयार होऊन येईपर्यंत ही लाट निम्मी सरलेली असते. सप्टेंबरमध्ये ठरलेली लस मात्र एप्रिल-मेमध्ये देता येते. त्यामुळे आपल्या खरेदीची मागणी आदल्या हिवाळ्यातच नोंदवली गेली पाहिजे आणि ती दरवर्षी, न चुकता, साथीच्या बातम्या नसल्या तरीही नोंदवली गेली पाहिजे.