सड्यावर जमणारी मुले

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हा शिक्षकांपुढे पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा होता, आणि किती पाठ बुडाले याचा हिशेब पुढेही बराच काळ होत राहिला. तेरा ते सोळा वयाच्या मुलांची एकमेकांची सोबत बुडाली, त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. दापोली तालुक्यात शिकवताना ते नुकसान मी जवळून पाहिले, म्हणून त्याविषयी लिहिते आहे.

या वयात मूल घरापासून थोडे सुटते आणि बरोबरीच्यांत रमू लागते. आपण कसे आहोत हे त्याला आईवडिलांपेक्षा मित्रमैत्रिणींच्या नजरेतून अधिक उमगते, आणि ती त्या वयाची खरीखुरी गरज असते. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे नेमक्या ज्या वर्षांत ही सोबत तुटली, तीच वर्षे सर्वांत नाजूक होती.

आमच्या किनाऱ्यावर संकटही एकटे आले नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. नवी पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, लावली तर तिला फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात, हे बागायतदाराच्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. अशा एका मुलाची आई मला म्हणाली, ‘‘बाई, तो दिवसभर झोपतो, रात्रभर जागा असतो आणि काही विचारलं की अंगावर येतो.’’ शेजारीपाजारी त्याला आळशी ठरवून मोकळे झाले होते. वास्तविक या वयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, उलट्या झालेल्या झोपेतून, पोटदुखी-डोकेदुखीच्या तक्रारींतून बाहेर पडते.

वादळानंतर मोबाइलची रेंज परत आली तीही फक्त गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, त्यामुळे मुले तेथे जाऊन ऑनलाइन तासाला बसत. पावसात दोघींत एक छत्री, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, वही मांडीवर. नववीतली एक मुलगी रिचार्ज संपलेला असतानाही रोज चढ चढून यायची आणि मैत्रिणीच्या फोनकडे मान तिरकी करून बसायची. तास संपला तरी कोणी उठत नसे. घरच्यांना ते मोबाइलचे वेड वाटले. मला खात्री आहे की मुले तेथे एकमेकांसाठी जात होती.

मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांचे दुःख आणखी वेगळे होते. दर मे महिन्यात ज्यांच्याबरोबर ती खेळली, तीच मुले आता त्यांना पाहून लांबून जात होती, आणि अनेक गावांत विलगीकरणासाठी शाळेचीच इमारत दिलेली होती.

त्या बागायतदाराच्या मुलाला मी वाडीतल्या लहान मुलांना स्वाध्यायाचे कागद पोहोचवण्याचे काम दिले. सकाळी उठण्याला निमित्त मिळाले, हळूहळू तो दोन ओट्यांवर थांबून बोलू लागला, तरीही झोप सुधारेना, म्हणून पुढे त्याला समुपदेशकाकडे न्यावे लागले. घरच्यांना तयार करणे हेच त्यातले सर्वांत कठीण काम होते. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालासाठी २१ देशांतील तरुणांशी बोलले गेले, तेव्हा मानसिक त्रासात इतरांची मदत घेणे चांगले असे सरासरी ८३ टक्के तरुण म्हणाले. भारतात असे म्हणणारे ४१ टक्केच होते. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे, आणि ‘रत्नागिरीला पाठवा’ हा आपल्याकडे आजही टोमणा आहे. तो ऐकत वाढलेले मूल मदत मागायला कसे धजावेल?

ती मुले आता विशीच्या आसपास आहेत, पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहत आहेत, आणि काहींची झोप अजून जागेवर आलेली नाही. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही फोनवरून समुपदेशन करणारी विनामूल्य सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. अजून शाळेत असलेल्यांसाठी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांना सल्ला देणारी ‘मैत्री’ केंद्रे चालतात. तेथे मुलाबरोबर जाणाऱ्याने आधी त्याला विचारावे की आत एकट्याने बोलायचे आहे का, आणि तो हो म्हणाला तर बाहेर बसावे.