शिळं मीठ

टूर मॅनेजर म्हणून हालस्टाटला ती माझी सातवी की आठवी खेप. ऑस्ट्रियातलं तळ्याकाठचं गाव, वस्ती जेमतेम सातशे-आठशे. बसची वेळ आधीच ठरवून घ्यावी लागते, त्यामुळे फोटो, कॉफी, बाथरूम आणि परत, असा माझा हिशेब. कवट्यांच्या खोलीचं मी नावही काढत नाही. ग्रुपमध्ये नवी जोडपी असतात, सासवा असतात. नकोच ते.

त्या दिवशी बसमध्ये मोजणी केली तर एक डोकं कमी. उरणचे काका. फोन सीटवरच राहिलेला, सूनबाई रडकुंडीला आलेल्या. धापा टाकत चर्चच्या पायऱ्या चढलो, तर काका त्याच खोलीत, टोपी हातात घेऊन उभे.

बाराशेच्या आसपास कवट्या, त्यातल्या सहाशेहून जास्त रंगवलेल्या. डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यात पुरायला जागा नाही. म्हणून काही वर्षांनी थडगं उकरायचं, कवटी उन्हात पांढरी करायची, कपाळावर नाव आणि फुलंपानं रंगवायची. ही रंगवण्याची रीत 1720 पासूनची. शेवटची कवटी 1995 मध्ये आली. तिचा सोन्याचा दात अजून दिसतो.

"ही मानसं कराची काय?" काकांनी विचारलं.

"वर डोंगरात मिठाची खाण आहे, काका. चला, बस..."

"मिठाची?"

काकांचे वडील मिठागरात कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, तुडवायचे, हे मला तेव्हा कळलं. मग बस राहिली बाजूला. इथे मीठ सात हजार वर्षांपासून काढतात, आणि 1734 साली खाणीत मिठात टिकलेला एक प्राचीन खाणकामगार सापडला होता, हे मी सांगितलं. खाणीतलं मीठ पाण्यात विरघळवून, पोखरलेल्या ओंडक्यांच्या नळीतून चाळीस किलोमीटरवर एबेनजेला न्यायचे. ती नळी 1607 मध्ये पुरी झाली. तिकडे लाकडं जाळून ते पाणी आटवायचे.

काका हसायलाच लागले. "म्हंजे मिठाचा परत खारा पानी केला? आमचा तर ऊनच आटवतं. फुकट."

डोंगरातलं मीठ आलं कुठून, तर पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या आटलेल्या समुद्रातून.

"मंग यो पन दर्याचाच," काका म्हणाले. "आमचा ताजा, यांचा शिला."

वाटेत त्यांनी दुकानातून मिठाची पुडी घेतली. पंचवीस मिनिटं उशीर. बसमध्ये सगळे तोंडं वाकडी करून बसलेले. काकांनी पुडी फोडली आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवत मागच्या सीटपर्यंत गेले. शेवटी ड्रायव्हरनेही हात पुढे केला.