पाण्याचं कूपन आणि म्हातारा खलाशी

मुंबईत कार्यक्रमाला जायचं म्हटलं की नाशिककराचं पहिलं गणित परतीचं असतं. बँड कोण, तिकीट कितीचं हे नंतर. शेवटची कसारा लोकल किती वाजताची, हे आधी.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड वाजवणार होता, आणि त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून होती. आदल्या वर्षी ते बंगळुरूला येऊन गेले तेव्हा आम्हाला घरून परवानगी मिळाली नव्हती, ते दुःख ताजं होतं. त्यात गायक ब्रूस डिकिन्सन हा खराखुरा वैमानिक. माणसं आणि सामान भरलेलं बोइंग ७५७ तो स्वतः उडवत घेऊन येणार, हे वाचल्यापासून माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, जेवणाच्या ताटावरही विमानांबद्दलच बोलत होता. आपल्याकडे गायकाचा तंबोरासुद्धा दुसराच कोणीतरी उचलतो.

गोदावरी एक्स्प्रेस तेव्हा कुर्ल्यालाच टाकायची म्हणून मी एरवी तिला शिव्या घालायचे. त्या दिवशी मात्र तीच सोयीची होती, कारण कुर्ल्याहून मैदान म्हणजे रिक्षाचा प्रवास. दुपार कुठे गेली आठवत नाही. मैदानाबाहेर काळ्या टी-शर्टांची रांग पार वळणापलीकडे गेलेली. बायकांची रांग वेगळी, आणि तिच्यात आम्ही मोजक्याच. दादा उन्हात ताटकळत असताना मी आत जाऊन बसलेसुद्धा होते. मेटल ऐकणारी मुलगी असण्याचा एवढा रोख फायदा मला पुन्हा कधी झाला नाही.

दारावर पाण्याची बाटली काढून घेतली. आत पाणी विकत, पण पैसे देऊन नव्हे. आधी एका खिडकीवर कूपन, मग दुसऱ्या खिडकीवर पाणी. कूपनाच्या रांगेत उभी राहून खिडकीपाशी पोचले तर सुट्टे पैसे नाहीत म्हणून मला बाजूला केलं. ही पद्धत ज्याने काढली त्याला भर उन्हात एकदा त्याच रांगेत उभं करायला हवं. तोवर अंधार पडला, कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावतात ते चर्चिलचं भाषण स्पीकरवर सुरू झालं, आणि पाणी राहिलं ते राहिलंच.

पहिली काही गाणी मी ऐकली कमी आणि ढकलली गेले जास्त. माझी उंची सव्वापाच फूट. समोरच्या दोन खांद्यांच्या फटीतून बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसचा स्पीकरवर टेकवलेला पाय दिसला, कधी त्याच्या बासचं टोक. ड्रमच्या भिंतीमागे बसलेला निको मॅकब्रेन तर दिसायची सोयच नव्हती. तो अनवाणी वाजवायचा आणि बास ड्रमला एकच पेडल वापरायचा. इतर मेटलवाले दोन पायांनी जे करतात ते हा एका पायाने करायचा. गणपतीत भद्रकालीच्या गर्दीत नाशिक ढोल ऐकत मोठी झालेली मी, ठोका छातीवर बसायची मला सवय आहे. तरी पोटात काहीतरी हललं.

आणि मग ते गाणं आलं, ज्याच्यासाठी मी गेले होते.

म्हाताऱ्या खलाशाचं गाणं. इंग्रज कवी कोलरिजची १७९८ सालची कविता, तिच्यावर हॅरिसने बांधलेलं, १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’ या अल्बममधलं शेवटचं, १३ मिनिटांहून मोठं. खलाशी विनाकारण एक अल्बट्रॉस पक्षी मारतो. वारा पडतो, जहाज समुद्रात रुतल्यासारखं उभं राहतं. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही कोलरिजची ओळ गाण्यात जशीच्या तशी आहे. ती आली तेव्हा घशाला कोरड पडलेली मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्याने वळून पाहिलं.

पुढे गाण्याच्या मधोमध सगळं थांबतं. ड्रम बंद. एकटा बास हळूहळू चालतो, लाकूड करकरल्याचे आवाज येतात आणि एक जड आवाज कवितेच्या ओळी म्हणतो. जहाजावरचे खलाशी एकेक करून मरून पडतात, तो हा भाग. वर्षानुवर्षं नाशिकच्या थंडीत, गोधडीत हेडफोन लावून मी हीच दोनेक मिनिटं ऐकत आले होते.

आणि मैदानात लोक गप्पा मारायला लागले! एकाने मित्राला फोन लावला, “अरे, कुठे आहेस, मी डावीकडच्या टॉवरखाली.” मागून दोघे ‘फिअर ऑफ द डार्क’साठी ओरडायला लागले, जे पुढे येणारच होतं. कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी कूपनं मोजली. एवढे पैसे मोजून आलेल्या माणसांना दोन मिनिटं गप्प राहता येऊ नये? मी दादाकडे पाहिलं. तो डोळे मिटून उभा होता, त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्या पुढ्यात एक धिप्पाड, दाढीवाला माणूस होता. तो मागे वळला आणि अस्सल खानदेशी ढंगात गरजला, “ओ भाऊ, गप बसा ना थोडं!” आमच्या भोवतीची दहा-बारा माणसं खरंच गप्प झाली. बाकीचं मैदान बोलतच राहिलं. मग सगळी वाद्यं एकदम परत आली, डिकिन्सनची ती लांबलचक किंकाळी आली, आणि मघाशी फोनवर असलेला माणूस सगळ्यांत जोरात नाचायला लागला. मला त्याचा राग आजही आहे.

‘फिअर ऑफ द डार्क’ला अख्खं मैदान गायलं. चांगलं गायलं. मला ते गाणं तितकंसं आवडत नाही.

कसारा लोकल मिळाली, कशीबशी. कसाऱ्याला उतरलो तेव्हा मान वळत नव्हती आणि थंडी बोचत होती. बाहेर नाशिकची टॅक्सी उभी होती, पण सीट भरल्याशिवाय निघायला ड्रायव्हर तयार नव्हता. शेवटी चौघांच्या जागेत सहा जणांना कोंबून निघालो. घाटात त्याने विचारलं, “ताई, कुठला प्रोग्राम होता?” दादाने खिशातून ‘पॉवरस्लेव्ह’ची कॅसेट काढली. सही मिळेल या आशेने त्याने ती दिवसभर जपली होती. सही राहू द्या, गायकाचा चेहराही त्याला नीट दिसला नव्हता.

ड्रायव्हरने ती टेपमध्ये सारली. दादाने अंदाजाने पुढे नेऊन खलाशाचं गाणं लावलं. मागच्या सीटवरचे काका कानटोपी ओढून झोपायच्या तयारीत होते. ड्रायव्हर मात्र वळणावळणाला स्टिअरिंगवर ठेका धरत होता. मग तो मधला भाग आला. टेपची खरखर, लाकडाची करकर, बाकी काही नाही.

“बंद पडलं का?” ड्रायव्हर म्हणाला.

“नाही, थांबा जरा.”

तो थांबला. काकासुद्धा जागे राहून ऐकत होते. “जहाजातली माणसं मरताहेत,” दादाने हळूच सांगितलं. “कशानं?” काकांनी विचारलं. दादा म्हणाला, “पक्षी मारला म्हणून.” काकांनी यावर विचार केला. “सगळ्यांनी मारला होता?” “नाही, एकानेच.” “मग बाकीच्यांना कशाला?”

दादाला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. तेवढ्यात घाट संपला, इगतपुरीचे दिवे दिसले, ड्रायव्हरने ऐन किंकाळीच्या आधी टेप बंद केला आणि “चहा” म्हणून गाडी बाजूला घेतली. चहानंतर त्याने भजनं लावली. नाशिकला द्वारका चौकात उतरताना रात्रीचं म्हणून भाडं वाढवून घेतलं, तेव्हा काका आमच्या बाजूने भांडले.