एकवीस अक्षरे कुठून घ्यावीत?

एखाद्या विषाणूचा जनुकक्रम संगणकाला दिला की पेशीत त्याला गप्प करू शकतील अशा लहान आरएनए रेणूंची लांबलचक यादी हाती येते. पण त्या यादीतला पहिला रेणू मी डोळे मिटून कधीच उचलत नाही.

यादीचे निकष चुकीचे नसतात. अक्षरांच्या तीस जोड्यांहून लांब दुहेरी आरएनए सस्तन प्राण्यांच्या पेशीत शिरला, तर पेशी त्याला विषाणूच समजते आणि इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाचा सरसकट बंदोबस्त सुरू करते. म्हणून २००१ मध्ये थॉमस टुश्ल यांच्या गटाने दाखवलेले २१ न्यूक्लिओटाइडांचे, म्हणजे आरएनएच्या २१ अक्षरांचे, आखूड रेणू वापरतात. जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण साधारण ३० ते ५० टक्के ठेवतात आणि दोन धाग्यांपैकी लक्ष्य ओळखणाऱ्या मार्गदर्शक धाग्याच्या पाच-प्राइम (सुरुवातीच्या) टोकाशी सैल बसणाऱ्या ए-यू जोड्या आणतात, कारण ज्या धाग्याचे हे टोक सैल, तोच अर्गोनॉट या लक्ष्य कापणाऱ्या प्रथिनात बसण्याचा संभव अधिक.

परंतु हे निकष मुख्यतः पेशीच्या स्वतःच्या जनुकांवर घडले, आणि ती जनुके आपल्याला चकवत नाहीत. विषाणू चकवतो. अर्गोनॉट लक्ष्याला मार्गदर्शक धाग्याच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या मधोमध कापतो, त्यामुळे तिथले एखादे अक्षर बदलले तरी काप नीट बसेनासा होतो. पोलिओचा विषाणू लक्ष्याच्या मध्यभागी एकच अक्षर बदलून निसटला. एचआयव्हीने तर लक्ष्याबाहेरच्या बदलानेही आरएनएची घडी अशी फिरवली की लक्ष्य शाबूत राहूनही झाकले गेले. हे वाचून मी आजही थक्क होते.

म्हणून मी आधी विषाणूच्या सर्व उपलब्ध उपप्रकारांचे क्रम एकाखाली एक मांडते आणि जिथे अक्षर बदलल्यास विषाणूचेच काम अडेल अशी जागा शोधते. तिथल्या रेणूला संगणकाच्या निकषांवर गुण थोडे कमी मिळाले तरी चालतात. अशा दूरदूरच्या तीन-चार जागांवर एकाच वेळी मारा केला, तर निसटणे त्याला पुष्कळ जड जाते. मात्र प्रत्येक रेणूच्या मार्गदर्शक धाग्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे पेशीच्या स्वतःच्या आरएनए संदेशांशी ताडून पाहावीच लागतात, नाहीतर तिचीच जनुके गप्प होऊ शकतात.

एकदा आमच्या पेशींच्या प्लेटमध्ये विषाणूंची संख्या झपाट्याने घटली आणि आम्ही आनंदलो. पण तुलनेसाठी अक्षरांचा क्रम विस्कटून केलेला कंट्रोल रेणू ज्या ओळीत घातला होता, तिथेही ती तितकीच घटली होती. इंटरफेरॉनने जागी होणारी जनुके मोजली, तर दोन्ही ओळींत ती जोरात चालू होती; म्हणजे घट आमच्या रेणूच्या अचूक माऱ्याची नव्हे, इंटरफेरॉनची होती. तेव्हापासून ती मोजणी हाती आल्याखेरीज मी वहीत परिणामाचा आकडा लिहीत नाही.